माइंडसेट आणि लिफ्टमधलं कपाट

मंगळवारी सकाळी लेक एका शब्दापाशी अडून बसली होती, आणि ते घरात कुणाला कळू नये म्हणून जोरजोरात टाइप करत होती. टाइप काय करत होती, तर एकच ओळ लिहीत होती आणि पुसत होती. त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता, पण दिवसाच्या अंगावर तसं काही लिहिलेलं नसतं. गॅसवर दूध होतं, बाल्कनीत चादरी वाळत होत्या, आणि बाबा पेपर वाचण्याचं निमित्त करून लेकीच्या खांद्यावरून लॅपटॉपच्या पडद्यात डोकावत होते.

"अडलंय वाटतं," बाबा म्हणाले.

"नाही."

"मग मघापासून एकच ओळ का दिसतेय?"

"विचार करतेय."

"अडलं की माणूस विचारच करतो. न अडलेला कशाला करेल?"

लेक घरी बसून भाषांतराची कामं करायची. या वेळचं काम एका गोदाम कंपनीचं होतं. कामगारांसाठी सुरक्षेची पुस्तिका. शिडी कुठे टेकवावी, जड खोकं उचलताना कंबर कशी सांभाळावी, हे सगळं तिनं झरझर उतरवलं होतं. पण पहिल्याच पानावर इंग्रजीत लिहिलं होतं की सुरक्षा ही नियमांची गोष्ट नाही, ती माइंडसेटची गोष्ट आहे. मग पुढे पानोपानी तो माइंडसेट बदला, तो घडवा, तो जोपासा. कंपनीच्या मॅडमनी फोनवर बजावलं होतं, "माइंडसेट असाच ठेवू नका हं. आमच्या माणसांना मराठीत वाचायचंय. आणि मानसिकता तर नकोच. ती कायम कुणाची तरी वाईटच असते."

मॅडमचं म्हणणं खोटं नव्हतं. चांगल्या मानसिकतेची बातमी कुणी कधी वाचली आहे? ती गुलामीची असते नाहीतर पराभूत असते. वृत्ती म्हटली की मागोमाग चोर येतो. विचारसरणी पक्षांना असते, गोदामातल्या माणसाला नसते. दृष्टिकोन भाषणात शोभतो, पण शिडीवर चढलेल्या माणसाला 'दृष्टिकोन सांभाळा' म्हटलं तर तो खालीच बघणार. आणि स्वभाव बदलता येत असता तर निम्मी लग्नं सुखाची झाली असती. लेकीनं पाचही शब्द लिहून बघितले होते आणि पाचही पुसले होते.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. सगळं आयुष्य लोक समोरच्या खुर्चीत बसून त्यांना विचारत आले. जवळचं दिसत नाही, काय करू? ही फ्रेम नाकावर बरी दिसते का? मला बघायला येणार आहेत, चष्मा काढून ठेवू का? बाबा सगळ्याला उत्तर द्यायचे, चष्म्यापलीकडच्या गोष्टींनाही. दुकान दुसऱ्याला दिल्यापासून विचारणारं कुणी उरलं नव्हतं. घरात त्यांची थोरली बहीण होती, म्हणजे लेकीची आत्या, पण थोरली बहीण धाकट्या भावाला कशाला काय विचारेल? आणि लेक तर जन्मल्यापासून विचारत नव्हती. बुटाची नाडी ती दाराआड बसून एकटी शिकली. गणित अडलं तर वही मिटून झोपायची आणि सकाळी उठून सोडवायची. बाबांना तिचं कौतुकही होतं आणि वाईटही वाटायचं. या पोरीनं एकदा, निदान एकदा, आपल्याला काहीतरी विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं. तसं ते बोलून दाखवत नसत. न विचारता सांगत मात्र सुटत.

"अरे, विचारलं तर सांगावं," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "न विचारता सांगणाऱ्याला रेडिओ म्हणतात."

"मी कुठे काय सांगतोय? मीच विचारतोय," बाबा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची ओढली. "पंडितबाई, हा माइंडसेट म्हणजे नेमकं काय?"

"माणूस एखाद्या गोष्टीकडे ज्या ठरलेल्या मनानं बघतो, ते."

"बदलता येतो?"

"पुस्तिका म्हणते येतो."

"मग हा डोळा नव्हे. चष्मा आहे." बाबा खूश झाले. "आणि ज्याचा त्याला दिसतो?"

लेकीचे हात थांबले. तिला प्रश्न आवडला होता. "नाही. बहुतेक नाही. दुसऱ्यांनाच दिसतो."

"चष्म्याचंही तसंच. नाकावर असतो आणि माणूस घरभर शोधतो." बाबा उठले. "म्हणजे पुस्तकात बघून भागणार नाही. नंबर काढावा लागेल."

"बाबा, मला फक्त सलग दोन तास द्या."

"दिले," बाबा म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. दोन तास इतक्या सहज मिळाले याचा तिला संशय यायला हवा होता. तो आला नाही, कारण ती पुन्हा स्वभावापाशी जाऊन बसली होती.

बाबांचा धंद्यातला एक नियम होता. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, चाचणीची जड फ्रेम नाकावर चढवायची, भिंग बदलत जायचं आणि एवढंच विचारायचं, हे बरं की आधीचं? कोणतं भिंग लावलं ते सांगायचं नाही. सांगितलं की उत्तर बिघडतं. "लोकांना डोळे तपासायचे नसतात," ते म्हणायचे, "त्यांना पास व्हायचं असतं." म्हणून त्या सकाळी ते शब्दाचा नंबर काढायला निघाले तेव्हाही आपण कशासाठी विचारतोय हे कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

पहिल्या सापडल्या समोरच्या दारातल्या काकू. त्या कचऱ्याची बादली बाहेर ठेवत होत्या.

"काकू, समजा हं," बाबा म्हणाले, "उद्यापासून कचरा न्यायला बाई वर येणार नाही. ज्याची बादली त्यानं खाली न्यायची."

"अगं बाई! काय सांगता?"

"समजा म्हटलं. पुढे ऐका. थोड्या दिवसांनी तुम्ही बादली नेताय, पण कुरकुर नाही. अगदी हसत नेताय. तर तुमच्यात काय बदललं असं म्हणाल?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "गुडघे," त्या म्हणाल्या. "गुडघे बदलल्याशिवाय मी कशी नेईन?"

"गुडघे नव्हेत हो. आतलं काहीतरी."

"आतलं म्हणजे वाटी."

बाबांनी आभार मानले. काकूंनी दार लावून घेतलं आणि बाबांच्या बोलण्यातला 'समजा' दाराबाहेरच राहिला. वाईट बातमी सांगताना लोक 'समजा' असंच म्हणतात, हे त्यांना आयुष्यानं शिकवलं होतं.

खाली लिफ्टपाशी पाचव्या मजल्यावरचे मास्तर भेटले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं त्यांना अजून जमत नव्हतं. हातात भाजीची पिशवी होती.

"मास्तर, समजा ही लिफ्ट कायमची बंद झाली."

"कधीपासून?"

"ते महत्त्वाचं नाही."

"पाचव्या मजल्यावर राहणाऱ्याला तेवढंच महत्त्वाचं असतं!"

"ऐका तर. तुम्ही जिना चढताय. आणि चढता चढता एक दिवस तुम्हाला वाटतं, वा, काय छान व्यायाम होतोय! तर हे जे तुम्हाला झालं, त्याला काय म्हणाल?"

"भ्रम," मास्तर म्हणाले आणि घाईघाईनं लिफ्टमध्ये शिरले. असेपर्यंत वापरून घ्यावी.

तिसरे सेक्रेटरी. ते तळमजल्यावर फलकासमोर उभे राहून जुने कागद काढून नवे टाचत होते. सेक्रेटरीपद त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं की त्यांची बायकोसुद्धा त्यांना सेक्रेटरी म्हणायची. त्यांना बघताच बाबांना अगदी नेमका प्रश्न सुचला, आणि तिथेच घात झाला.

"समजा, तुमचं सेक्रेटरीपद गेलं."

सेक्रेटरींच्या तोंडातली टाचणी खाली पडली. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. समजा. आणि गेल्यावर तुम्हाला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं. तर तुमच्या आत..."

"माझ्या जागी कोण येतंय?"

"तुम्ही उत्तराकडे या ना."

"म्हणजे ठरलंय तर!"

बाबा घरी परतले ते हात चोळत. "माणसं घाबरट आहेत," त्यांनी आत्याला सांगितलं, "पण उत्तरं प्रामाणिक देतात."

"कसली उत्तरं?"

"सांगितलं तर बिघडतील."

इकडे काकूंनी सेक्रेटरींना फोन लावला. कचऱ्याची बाई बंद करताय आणि एका शब्दानं सांगत नाही? सेक्रेटरींना या निर्णयाचा पत्ताच नव्हता. ते फोन ठेवतात न ठेवतात तोच मास्तर खाली आले. लिफ्ट बंद करण्याआधी वरच्या मजल्यांना विचारायची पद्धत आहे की नाही? सेक्रेटरींनी दोन्ही गोष्टी एकाशेजारी एक ठेवल्या, त्यांच्याशेजारी सकाळचा तो 'समजा' ठेवला, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इमारतीत नवी कमिटी आली होती. ती परस्पर निर्णय घेत होती. आणि ही बातमी आपल्याला हळुवारपणे कळावी म्हणून चष्मेवाल्यांना पुढे केलं होतं.

दुपारपर्यंत इमारतीत दुसरा विषय नव्हता. काकूंनी उद्याची गर्दी नको म्हणून आजच बादली खाली नेली, आणि एका हातानं कठडा धरून पायरीपायरीला नव्या कमिटीचा उद्धार केला. चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात एक लोखंडी कपाट यायचं होतं पुढच्या महिन्यात. लिफ्ट जाणार हे कळताच त्यांनी दुकानात फोन करून ते ताबडतोब मागवून घेतलं. कपाट आलं, तिरकं करून लिफ्टमध्ये घातलं, दार कसंबसं लागलं, आणि पहिल्या नि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टनं एकदा हुंकार दिला आणि ती थांबली. आत माणूस कुणी नव्हतं. कारण कपाट असताना माणसाला जागाच नव्हती.

"बघा! केली बंद!" मास्तर जिन्यातून ओरडले.

सेक्रेटरींनी मग वेळ घालवला नाही. कुणी काढून टाकण्याआधी आपणच निघावं, एवढा मान त्यांनी राखून ठेवला होता. फलकासमोर जमलेल्या मंडळींदेखत त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला अडकवला, "सांभाळा आता तुमचं तुम्ही" म्हणाले आणि जेवायला घरी गेले.

यातलं काहीही लेकीच्या कानावर आलं नव्हतं. ती वृत्तीवर परत आली होती. चारच्या सुमाराला बेल वाजली. तिनं दार उघडलं तर काकू, मास्तर आणि सेक्रेटरी एकामागे एक उभे होते. तिघांनाही धाप लागली होती, कारण तिघंही जिन्यानं खाली जाऊन कपाट बघून वर आले होते.

"बाबा आहेत का?" सेक्रेटरींनी विचारलं. "त्यांनी सकाळी माझं पद काढून घेतलंय. कुणाच्या सांगण्यावरून, तेवढं कळू दे."

"आणि लिफ्ट," मास्तर म्हणाले.

"आणि माझी बाई," काकू म्हणाल्या.

बाबा बाहेर आले. तिघं गिऱ्हाइकं एकदम बघून त्यांचा चेहरा उजळला. "या, या! बसा. आत्या, चहा."

"मी तुझी बहीण आहे रे, आत्या तिची," आत्या म्हणाली, पण आधण ठेवायला गेली.

"चहा नको, खुलासा हवा," सेक्रेटरी म्हणाले.

"कसला खुलासा? मी 'समजा' म्हटलं होतं."

"सगळं?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"लिफ्टसुद्धा?" मास्तर ताडकन उठले. "मग ती बंद कशी पडली?"

"तुम्ही समजलात म्हणून!"

"पण मुळात का विचारलंत? माणूस उगाच का विचारेल?"

"ते सांगितलं असतं तर उत्तर बिघडलं असतं," बाबा शांतपणे म्हणाले. "आता सांगायला हरकत नाही. आमच्या पंडितबाईंना एक शब्द हवाय."

सगळे लेकीकडे वळले. तिला एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसत होती. सकाळचे दोन तास, चपलांचा आवाज, दुपारी जिन्यात चाललेली धावपळ. तिच्या एका शब्दापायी चौथ्या मजल्यावरच्यांचं कपाट लिफ्टमध्ये लटकत होतं. ती कानापर्यंत लाल झाली.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं का?"

"नाही," बाबा म्हणाले. "तू कधी विचारत नाहीस."

ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण दुकानात गिऱ्हाइकाला नंबर सांगावा, डाव्याचा इतका, उजव्याचा इतका, तसं ते म्हणाले.  आत्या चहाचा ट्रे घेऊन आली आणि तिनं तो सगळ्यांच्या मधे ठेवला.

काकूंनी पहिला कप उचलला. "बरं झालं बाई, सगळं समजाच होतं. सेक्रेटरी, आता तुम्ही तुमच्या किल्ल्या परत घ्या, म्हणजे प्रश्न मिटला."

"नको," सेक्रेटरी म्हणाले.

"नको म्हणजे?"

सेक्रेटरींनी चहाचा कप उचलला. इतक्या वर्षांत त्यांना कुणी बसून पूर्ण कप चहा पिताना बघितलं नव्हतं. "मी मघाशी घरी गेलो," ते सावकाश म्हणाले. "जेवलो. फोन वाजला. मी उचलला नाही. मग कुणीतरी खालून ओरडलं, लिफ्ट अजून अडकलेलीच आहे. आणि मला वाटलं, अरेरे, अजून अडकलीय वाटतं. बस्, एवढंच वाटलं. पुढे काहीच नाही. उलट बरं वाटलं."

बाबा खुर्चीच्या कडेवर सरकले. "कधीपासून?"

"आमटी वाढून घेतली तेव्हापासून."

"थांबा. हलू नका." बाबांच्या आवाजात दुकान उतरलं होतं. "पंडितबाई, हेच ना ते? हाच ना तो माइंडसेट?"

लेकीनं रागावलेलं राहायचं ठरवलं होतं. पण तिच्यासमोर, तिच्याच बैठकीच्या खोलीत, चहा पीत, एक माणूस बसला होता ज्याचा माइंडसेट त्याच दुपारी बदलला होता आणि अजून ओला होता. असं नशीब कुठल्या भाषांतरकाराचं असतं? तिनं खुर्ची पुढे ओढली.

"काका, तुमचा स्वभाव बदलला असं वाटतं का?"

"छे. बायकोला विचारा."

"मग मत बदललं? लोकांबद्दलचं?"

"मत तेच आहे. लोक नालायक आहेत." त्यांनी मास्तरांकडे बघून मान लववली. "तुम्ही सोडून."

"मग बदललं काय?"

सेक्रेटरी खरोखर विचार करायला लागले. बाकी सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "जागा," ते म्हणाले. "माणूस तोच, लोक तेच, लिफ्ट तीच. पण आधी मी त्या सगळ्याच्या मधोमध बसलो होतो. आता दाराशी येऊन बसलोय. इथून ते सगळं लहान दिसतं."

"मन उठून दुसरीकडे बसलं," बाबा म्हणाले. मग स्वतःशीच म्हणाले, "मनाची बैठक."

"बैठक म्हटलं की इतिवृत्त आलं," मास्तर म्हणाले.

"आणि एकदा बसलं की उठणं आलं," काकू म्हणाल्या. "माझ्याच्यानं नाही होत."

"शांत राहा. नंबर काढतोय." बाबांनी सेक्रेटरींकडे खुर्ची वळवली. "डोळे मिटा. 'माझी मानसिकता बदलली.' आता दुसरं. 'माझी वृत्ती बदलली.' हे बरं की आधीचं?"

"दोन्हीत मी काहीतरी गुन्हा केल्यासारखा वाटतोय."

"आता हे बघा. 'माझ्या मनाची बैठक बदलली.'"

सेक्रेटरींनी डोळे उघडले. "हे बरं आहे," ते म्हणाले. "थोडं अंधुक आहे, पण बरं आहे."

"सवयीनं स्पष्ट होईल," बाबा म्हणाले. हे वाक्य त्यांनी किती माणसांना ऐकवलं असेल त्याला गणती नव्हती.

मंडळी उठली. आता लिफ्टवाल्याला फोन कोण करणार आणि किल्ल्या कोण घेणार, असा प्रश्न दारात निघाला, आणि सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी जिन्याची वाट धरली. दोन पायऱ्या चढल्यावर वळून म्हणाले, "छान व्यायाम होतो हो!"

ऊन उतरल्यावर लेक बाल्कनीतल्या चादरी काढायला गेली. बाबा मागोमाग आले आणि चादरीची दोन टोकं त्यांनी धरली. दोघं चादर ताणत, जवळ येत, घडी घालत होते.

"मग? चालेल का तो?" बाबांनी विचारलं.

"बघते."

"अंधुक वाटतो?"

"बघते म्हटलं ना, बाबा."

पण बाबांनी तिचा चेहरा बघितला होता. जन्मभर लोकांचे चेहरे हातभर अंतरावरून बघितलेला माणूस. ते शीळ घालत दुसरी चादर घ्यायला वळले.

दिवेलागणीला लेकीनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक माइंडसेटच्या जागी मनाची बैठक बसवली. एक-दोन ठिकाणी वाक्य मोडून नीट करावं लागलं, बाकी सगळीकडे ती आपली आपण बसली. तिनं पुस्तिका मॅडमना पाठवून दिली. बाबांना लगेच सांगितलं नाही. उद्या मॅडमचं उत्तर आलं की पडद्यावरच दाखवावं, न बोलता, असं तिच्या मनात होतं.

बुधवारी सकाळी बाबांना उठवायला आत्या गेली. तिनं एकदा हाक मारली, पुन्हा मारली. मग तिनं लेकीला तिच्या पूर्ण नावानं हाक मारली. घरात तिला त्या नावानं कधीच कुणी हाक मारत नसे. लेक जागची उठली तेव्हाच तिला कळलं होतं.

डॉक्टर येऊन गेले. बाबा झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं म्हणाले. त्याच सुमाराला मॅडमचा निरोप आला होता. शब्द आवडला, हाच ठेवू, कुणी सुचवला? तो लेकीनं संध्याकाळी वाचला.

मधे सगळी व्यवस्था कुणी केली हे तिला नीट आठवत नाही. सेक्रेटरी दारात होते एवढं आठवतं. ते फोन उचलत होते, लोकांना खुर्च्या देत होते, कुणाला कुठे जायचं ते सांगत होते, आणि लिफ्टवाल्याला रात्रीच बोलावून त्यांनी ती मोकळी करून घेतली होती. किल्ल्या परत त्यांच्याच खिशात वाजत होत्या. 

पुढे दिवस गेले. आत्या आता दुपारी रेडिओ लावायला लागली होती. काय लागलंय तिकडे तिचं लक्ष नसायचं, पण कुणीतरी न विचारता बोलत असलेलं तिला बरं वाटायचं. पुस्तिका छापून आली. कामगारांना आवडली असं मॅडमनी कळवलं आणि दुसरा भाग पाठवला. तो लेकीनं एका सकाळी उघडला. पहिल्याच पानावर ग्रोथ माइंडसेट होता.

तिनं 'वाढीची बैठक' लिहिलं आणि तिलाच हसू आलं. कामगार पगारवाढीची समजून वेळेआधी हजर होतील. 'विकासाची बैठक' लिहिलं, तिला सरकारी वास आला. 'वाढतं मन' लिहिलं, ते पोराला मुद्दाम मोठे घेतलेल्या बुटांसारखं झालं. शिकत राहणारं? मोकळं? न बसणारी बैठक? जो माणूस म्हणतो की मला हे येत नाही, पण येईल, त्याच्या मनाला काय म्हणायचं? 'येत नाही' एवढंच म्हणून थांबणारे वेगळे. आणि येत नसलं तरी तसं मुळीच न म्हणणारे आणखी वेगळे. त्यांच्यासाठी पुस्तिकेत शब्दच नव्हता. ती पुष्कळ वेळ त्या वाक्यापाशी थांबली. खांद्यामागे कुणी नव्हतं.

मग ती काहीतरी बोलली. इतकं हळू की तिचं तिलाही पुरतं ऐकू गेलं नाही.

आत्यानं आतला रेडिओ बारीक केला. "मला काही म्हणालीस का गं?"

नाही म्हणता आलं असतं. लेकीनं खुर्ची मागे सरकवली आणि सगळ्या खोल्यांत ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात ती म्हणाली,

"बाबा, मला हे येत नाहीये. तुम्ही सांगा."